वीस मायक्रॉन

तिसऱ्या गेटवर पूल होऊन वर्षं झाली,
आम्ही अजून गेटच म्हणतो.
तिथवर येतो मी रोज सकाळी सात-वीसला
आणि तिथेच मला कुलूप आठवतं.

लावलं होतं. बोटांना किल्लीचा वास आहे अजून.
कलावती सहाच्या बसनं खानापूरला जाते शाळेवर,
घर माझ्या हाती.
स्कूटर अनगोळकडे वळते,
मी वळवतो म्हणणं खरं नाही.
कुलूप असतंच. ओढून बघतो.
समोरची गौराबाई सडा टाकता टाकता म्हणते,
"परत आलास काय की रे परशा?"

उद्यमबागेत मी क्रँकशाफ्ट मोजतो.
बावीस वर्षं. मायक्रोमीटर, गेज, तेलाची चिंधी.
ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं: अधिक-उणे वीस मायक्रॉन.
केसाच्या चौथ्या हिश्श्याइतकी चूक
चूक धरत नाहीत.
लोखंडाला तेवढी सूट आहे.
मी हिरवा ठिपका लावतो, पुढचा नग उचलतो.
ठिपका लावलेला परत मोजायला
कधी गेलो नाही, एकदाही.

रेवती धारवाडहून शनिवारी रात्री येते.
कित्तूर सोडल्यापासून
स्टेअरिंग माझ्या हातात,
इथे, पलंगावर, दिवा न लावता.
हिरेबागेवाडीच्या वळणावर ब्रेक दाबतो,
उजवी पोटरी भरून येते.
ती येते. कानात वायर, हातात वेफर्सचा पुडा.
आणि आत कुणीतरी म्हणतं,
बघ, तू जागा होतास म्हणून पोचली.

ही लाच मी कुणाला सांगितली नव्हती.
वडीलही खायचे ती.
काळजी म्हणजे राखण, असं धरून
ते रात्रभर उशाशी बॅटरी घेऊन पडत.
एखाद्या रात्री झोपले असते तर काय गेलं असतं,
घरात कुणी तपासलं नाही.

लेथवरचा बसलिंग म्हणाला, "इरलि बिडो."
असू दे, सोड. मला राग आला.
मग जेवणाच्या सुट्टीत त्यानं रद्द झालेलं एक रजिस्टर आणलं,
"सगळ्याचं माप घेतोस, ह्याचं का सोडूलास?"

रकाने आखलेलेच होते.
नग: छातीत कळ. शंका: हार्ट. प्रत्यक्ष: मिरचीभजी.
नग: मॅनेजरनं बोलावलं. शंका: नोकरी.
प्रत्यक्ष: त्याचा चष्मा, माझ्या टेबलावर राहिलेला.
नग: रेवतीचा फोन बंद. प्रत्यक्ष: बंद.

तीन महिन्यांत त्र्याण्णव ओळी.
दोन खऱ्या निघाल्या, त्याही पगाराच्या.
आणि येळ्ळूरला आई न्हाणीत पडली, मांडीचं हाड मोडलं,
ते कुठल्याच ओळीत नव्हतं.
इतकी वर्षं राखण,
आणि तेच दार सताड.

त्या रात्री सिव्हिल हॉस्पिटलच्या बाकावर
मला एकही शंका आली नाही.
फॉर्म भरले, रक्ताची बाटली आणली,
पहाटे टपरीवर चहा प्यालो, साखर जास्त होती.
भावाचे हात थरथरत होते. माझे नाही.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं कळेना,
म्हणून समासात लिहिलं.

आता आई वॉकर धरून चालते.
फिजिओ कन्नडमध्ये मोजतो, ओंदू, एरडू,
आई मराठीत त्याचं खानदान काढते.

काल गेटवर हाताला वळायची खाज सुटली.
पुलाखालून मालगाडी चालली होती, डबे मोजत राहिलो,
चौतीसनंतर चुकलो.
परत मोजायला गाडी उरली नव्हती.
खिशातला मार्कर काढून किल्लीवर ठिपका लावला
आणि कामावर गेलो.

आज गेलोच मागे. खोटं कशाला सांगू.
कुलूप होतं. ओढलं नाही.
गौराबाई काही बोलली नाही,
सड्याचं पाणी तेवढं बुटांवर आलं.