एक हजार चोवीस गुणिले सातशे अडुसष्ट

एंदेल निवृत्त झाला
आणि हेल्टरमा बंदरावरची त्याची खुर्ची माझ्याकडे आली.
खुर्चीच्या गादीत त्याच्या आकाराचा खळगा,
खणात मिंटच्या गोळ्या,
आणि समोर हा मॉनिटर, ज्यावर प्रत्येक अक्षर
ओल्या बोटाने पुसल्यासारखं.

सोमवारी अठराचा तेरा वाचला मी.
अठरा मीटरचा दुधाचा टँकर
तेरा मीटरच्या जागेत बसवायला निघाले.
फेरीबोटीवरून कप्तान जे काही बोलला
त्यातलं निम्मं वाऱ्याने नेलं.
उरलेलं निम्मं पुरेसं होतं.

काच पुसली.
मग माझा चष्मा पुसला. मग परत काच.
केबल उपटून पिनांवर फुंकर मारली,
आमच्या लहानपणी कॅसेटवर मारायचो तशी.
शार्पनेस पन्नासाचा शंभर केला,
तर अक्षरांना पांढरी झालर फुटली,
लग्नाला निघालेली भुतं जणू.
शेवटी हात टेकले
आणि तालिनला रायगोला फोन लावला.

"बंद करून चालू केलंस?"
"तीनदा."
"कंपनीचं चिन्ह बघ. हंसाभोवतीचं वर्तुळ गोल आहे?"
मी वाकून बघितलं.
"नाही. कुणीतरी त्याच्यावर बसल्यासारखं दिसतंय."
"मग रेझोल्यूशन," तो म्हणाला. "किती आहे?"
मी आकडा वाचला.
"हे आपोआप होत नाही, मार्गे.
कुणीतरी मुद्दाम केलंय."
आणि तो जेवायला गेला.

एकोणीसशे वीस गुणिले एक हजार ऐंशी.
क्लिक.
पडदा एकदा काळा झाला, आणि मग
हंस गोल तळ्यात,
अक्षरं मुंग्यांएवढी, पण मुंगीचा पाय न् पाय वेगळा.
मधोमध एक चौकट:
हे बदल ठेवायचे? पंधरा सेकंद. चौदा.

तेरा.
कुणी मुद्दाम केलं असेल?
ही अक्षरं मोठी हवी होती कुणाला?

"मार्गे, तुझा आवाज कसा खणखणीत आहे,
यादी तूच वाच ना," म्हणायचा रोज सकाळी,
आणि मी खुशीत वाचायचे, मूर्खासारखी.
नऊ.
ट्रक वळणावर असतानाच सांगायचा,
"हा लाकडांचा, हा कायूचा, गिअरबॉक्स गेलेला."
आम्हाला वाटायचं, काय कान आहेत.
सहा.
कॉफी ओतताना कपाच्या काठाआत बोट.
त्या बोटाला कायम चटका.
चार.
दोन वर्षं आधीच निवृत्ती घेतली,
मासे पकडणार म्हणाला, आणि आम्ही वर्गणी काढून
त्याला भेट काय दिलं, तर
पक्ष्यांचं जाडजूड पुस्तक, बारीक टाइपाचं.
एक.

मी काहीच दाबलं नाही.
पडदा आपला आपण
जुन्या धुक्यात परत गेला.

तीनच्या बोटीची रांग लागली होती.
पहिल्याच गाडीत बायको, तीन मुलं, एक बकरी.
बकरीचं तिकीट कुठल्या रकान्यात, मला दिसेना.
मी सेटिंग परत बदललं
आणि या खेपेला "ठेवा" वर दाबलं.
काम म्हणजे काम. टँकर आठवत होता.

रात्री शेवटची बोट रोहुक्युलाला सुटल्यावर
मी एंदेलला फोन केला.
डोळ्यांबद्दल चकार शब्द काढला नाही.
माशांचं विचारलं. मासे नव्हते.
मग म्हटलं, "पुस्तक कुठवर आलं?"
पलीकडे घड्याळ ऐकू येईल इतका वेळ तो गप्प.
"बदकं," तो म्हणाला. "बदकांपर्यंत."
बदकं पहिल्याच पानावर आहेत,
दुकानात मीच चाळलं होतं.
"शुक्रवारी सुट्टी आहे मला," मी म्हटलं.
"बदकांच्या पुढचं मी वाचीन. आवाज खणखणीत आहे माझा."

तो खाकरला.
"येताना माझ्या मिंटच्या गोळ्या आण," म्हणाला.
"डावा खण. मागच्या बाजूला, हाताला लागतील."