पांढर

खात्याच्या माणसांनी टेकाडावर सुतळीचे चौकोन आखले
तेव्हा सोजरबाई माळवदावर होती,
गळती बुजवत.
टोपल्यात पांढरीची माती,
सासूच्या काळापासून त्याच टेकाडाची.

साहेब खालून म्हणाला, मावशी, इथली माती नेत जाऊ नका,
हिच्यात रोमची भांडी आहेत.
मग आमच्या डोक्यावर बी असतील, ती म्हणाली.

शिडी लावली. होती.
एक जाड तुकडा, भाजक्या विटेच्या रंगाचा,
बोटभर वाकलेला.
कान आहे हा, साहेब म्हणाला,
दारूच्या रांजणाचा. गलबतातून भडोचला,
तिथून बैलगाडीनं घाट चढून तेरणेकाठी.
एवढा मोठा कान कशापायी?
उचलायला.
आमच्या घागरीला कुठं हाय? तरी उचलतेच की.

त्यांनी तो कापसात गुंडाळला, वर नंबर घातला,
कागदावर तिचा अंगठा घेतला.

आता टेकाडाला तारेचं कुंपण.
चौकोनांत पाणी साचतं, म्हशी बाहेरूनच बघतात.
माती बंद झाली तसे माळवदावर पत्रे आले;
चैतात घर भाजतं,
रात्री पत्रा टकटक वाजत निवतो.

कुंकवाच्या डबीत चार मणी होते.
ते तिनं साहेबाला सांगितलेच नाहीत.
तीन अजून आहेत.
चौथा, निळा, कड उडालेला,
नातीच्या करदोड्यात ओवलाय.
नात उघडीच रांगते अंगणभर,
पांढरी माती खाते,
तोंडात बोट घातलं तर चावते.