स्थळ

इतिवृत्त लिहिणं माझं काम.
दिनांक, वेळ, मग स्थळ :
नऊ वर्षं त्या रकान्यात मी एकच ओळ उतरवत आलो,
दुसरा मजला, सभागृह.

त्या दिवशी नवतपा लागलेला.
निरंजना मेश्राम जरीपटक्याहून आली, तीनचाकीवर,
डोक्याला दुपट्टा, मांडीवर फायलींची पिशवी.
दिव्यांग समितीवर तिचं नाव यंदाच लागलेलं.
लिफ्टवर कागद : दुरुस्ती सुरू आहे.
कागदही पिवळा पडलेला.

नथ्थूजी शिपाई बाह्या सरसावून पुढे.
"चाला बाई, उचलून नेतो. आजवर कितीक नेले."
अभिमान होता त्याला, आणि तो खोटा नव्हता.
ती म्हणाली, "काका, तुमच्या हातात जोर आहे, दिसते मले.
पण मी काई पोतं नाई न."
आणि ब्रेक ओढला.

वरून निरोप आला : बाईंना बसू द्या, सहीला वही खाली पाठवतो.
तिचा उलट निरोप गेला :
सही नको, सभा पाठवा.

अर्धा तास.
मग मुश्ताक वकील उतरले, पांढरी काठी टेकत,
"अडतीस पायऱ्या. दिसत नाहीत, म्हणून मोजाव्या लागतात."
अंकुश उईके खालच्या पायरीवर बसून हातांनी बोलू लागला,
त्याची बहीण ते आवाजात आणत होती.
सगळ्यात शेवटी साहेब, रुमालाने मान पुसत.
कूलर वरच राहिला.

भाषण नाही केलं तिने.
विषय क्रमांक एक वाचला,
मागील इतिवृत्त कायम करणे.
"ह्या समितीवर माझ्याआधी चाकावरचं कोण होतं?"
सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी पानं उलटत गेलो.
वामन ठवकर, अनुपस्थित. कारण कळविले नाही.
वामन ठवकर, अनुपस्थित. कारण कळविले नाही.
सगळीकडे माझंच अक्षर,
वळणदार, शाळेत बक्षीस मिळालेलं.

माठाजवळ सभा चालली अडीच तास.
स्थळ : मी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं,
जिन्याखाली.

जूनच्या नोटिशीवर पुन्हा छापून आलं, दुसरा मजला.
लिफ्टवरचा कागद मात्र नवा.
मी पोचलो तर नथ्थूजीने, कुणी न सांगता,
सकाळीच खुर्च्या खाली मांडलेल्या.
मोजल्या. दहा.
सभासद अकरा.
मी विचारणार होतो,
तेवढ्यात फाटकातून चाकांचा आवाज आला
आणि नथ्थूजी
बरोबर त्या मोकळ्या जागेवरची
वाळकी पानं झाडू लागला.