पुसेल कथा जास

गोलाणी मार्केटात, दुसऱ्या मजल्यावर,
लीलाधरने काचेवर तीन यंत्रं मांडली
आणि आकडे म्हणायला लागला,
सोळा जीबी, बत्तीस जीबी, इतके कोअर, तितके तास बॅटरी.
मी वहीत उतरवून घेत होते.
भाईदासमामा छताच्या पंख्याकडे बघत उभे,
पांढरी टोपी, खिशात कांदा.
बाहेर चव्वेचाळीस.

मामांनी पारोळ्यात चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या.
बियाणं, सूतगिरणी, दातांचा दवाखाना.
खारीच्या केसांचा ब्रश ओठांत धरून टोक काढत,
दुकानदाराला म्हणत, थांब, आधी ओला करू दे,
कोरडे सगळेच देखणे.

त्यांनी विचारलं, यातलं उन्हात टिकतं कोण?
हा प्रश्न लीलाधरच्या पत्रकात नव्हता.
मग खरं बोलला:
पातळ आहे ते मे महिन्यात धापा टाकतं,
चित्र मोठं झालं की मुद्दाम सावकाश चालतं,
आपण दुपारी चालतो तसं, भिंतीच्या कडेनं.
कूलरसमोर ठेवू नका, ओल आत जाते.
जाड आहे ते दिसायला वाईट,
पंखा पिठाच्या गिरणीसारखा,
पण थांबत नाही.

मला थेट पडद्यावर काढायची पाटी हवी होती.
किंमत ऐकून वही मिटली.
दोनशे लग्नपत्रिका, साठ वाढदिवसांचे फ्लेक्स
(दादा, आप्पा, भाऊ, सगळे गॉगलसकट)
एवढं केल्यावर तिचं फक्त पेन येतं.

मग बिनपडद्याची. हात इथे, रेघ तिथे.
मामांनी पेन उचललं, ओठांपर्यंत नेलं,
ओशाळून खाली आणलं.
आणि हाताकडे न बघता काढला ळ,
बोलताना त्यांच्या तोंडात कधीच येत नाही तो.
पहिला गाठोड्यासारखा आला.
दुसऱ्याला पोट सुटलं.
सातवा बघून मी म्हटलं, हीच द्या.

सॉफ्टवेअरचं एवढ्यात मिटेना.
एक दर महिन्याला भाडं मागतं,
थकलं की आपलीच चित्रं कुलपात.
मामा म्हणाले, ब्रश भाड्यानं?
दुसरं एकदाच पैसे घेतं,
पण 'मन्हा' लिहिलं की न लंगडतो
आणि ह दूर जाऊन उभा राहतो, भांडल्यासारखा.
तिसरं फुकट. कुठल्याशा देशात
कुणीकुणी रात्री जागून केलेलं,
सगळा मेनू माळ्यावरच्या अडगळीसारखा.
पण 'मन्हा' लिहिलं तर 'मन्हा' दिसलं.
बोरी नदीतल्या टिटवीचं पुस्तक करायचंय मला,
सोळा पानांचं, अहिराणीत.
तेवढी एकच अट होती.

कीबोर्ड जुना, शंभर रुपयांत.
त्यावरचं झेड पुसून गेलेलं,
डाव्या कोपऱ्यातलं कंट्रोलही.
बाकी अक्षरं कोरी करकरीत.
मामांना सांगितलं, ही दोन दाबली
की शेवटची रेघ मागे जाते.
कितीही वेळा.
ते त्या गुळगुळीत खड्ड्यावर बोट फिरवत राहिले.
त्यांच्याकडे टर्पेंटाइनचा बोळा असायचा.
पुसलेला निळा बोळ्यात राहायचा, नखांत राहायचा,
भाकरीलाही थोडा लागायचा.
"पुसेल कथा जास?"

कथा म्हणजे आमच्यात कुठे.
शाळेत गेले तेव्हा तिची गोष्ट झाली.
मी लीलाधरकडे बघितलं,
तो बिल करत होता.

एसटीत जाड यंत्र माझ्या मांडीवर.
एरंडोलला मामांनी खिशातला कांदा काढून
खोक्यावर ठेवला, काही न बोलता.

पहाटे तीन. पत्रे आत्ता कुठे निवलेत.
गिरणी चालू आहे.
टिटवीचा एक पाय जरा लांब आलाय.
बोट झेडवर होतं.
राहू दिला.