नियम एकोणीस

गेटवेच्या पोटात अठरा नियम होते, आणि हा एकोणिसावा.
फोन आला की यंत्र वरून वाचू लागतं,
जो पहिला जुळेल त्याच्या हवाली करतं,
खालचे उघडूनही बघत नाही.
क्रम चुकला तर वरचा सगळं वाढून घेतो
आणि खालचा पंगतीत उपाशी.
हे समजायला मला दोन नोकऱ्या आणि एक लग्न लागलं.

नमुन्यात टिंब म्हणजे कुठलाही अंक.
सहा, एक, पुढे सात टिंबं : झाला आमचा अख्खा प्रांत.
तिकिटं तीनशे दोनला, मालवाहू चारशे दहाला.
मेंढ्यांच्या ट्रकांना वेगळा नियम, माणसांच्या आधी.

पुंता अरेनासच्या धक्क्यावर, फेरी कंपनीच्या मागच्या खोलीत,
जिथे फावडी, रंगाचे डबे आणि हा रॅक एकत्र नांदतात,
मी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली.
डॉन राडोमिरोंनी बजावलं होतं :
एकोणीस काढून टाक, दानित्सा.
एकोणीस म्हणजे, कुठेच न जुळलेलं जे काही उरेल ते
रात्रपाळीच्या चौकीत,
एलेउतेरियो कार्कामोच्या टेबलावर.

नोंदी चाळल्या. चुकलेले नंबर,
एक पिझ्झावाला, फॅक्सची किंकाळी.
आणि रोज पहाटे चार दहाला
सामुद्रधुनीपलीकडून, पोर्वेनिरहून, एकच नंबर.
अठ्ठावीस सेकंद. एकतीस. सव्वीस.
जुलैत एकदा, चार मिनिटं.
मागितलेलं एक्स्टेंशन चारशे सतरा :
हवामानाची खोली.
तिथे आता फावडी असतात.
म्हणजे मी बसले होते तीच.

एलेउतेरियो कामावर आला, किटली चढवत म्हणाला,
"वारा विचारतो."
कोण?
"म्हातारा आहे कुणी. म्हणतो, किती?
मी दार उघडतो, दोरखंड शीळ घालतायत की रडतायत ते ऐकतो,
सांगतो पस्तीस नॉट, सांगतो आज नको.
तो बरं म्हणतो आणि ठेवतो."
बोट आहे का त्याच्याकडे?
"असेल कधीकाळी. आता खोकला आहे."
आणि जुलैत?
"जुलैत वारा पडला होता.
दोघांचाही विश्वास बसेना.
ऐकत राहिलो."

एकोणीस ठेवला तर साहेब पुढच्या महिन्यात
दुसऱ्या कुणाला बोलावणार.
काढला तर चार दहाला
एक सभ्य बाई ध्वनिमुद्रित आवाजात सांगणार
की हा क्रमांक अस्तित्वात नाही.
वाऱ्यावर सोडणं म्हणतात ते हेच,
तेही वारा किती हे न सांगता.

मग मेंढ्यांच्या खाली मी एक ओळ घातली.
टिंब नाही, एकही नाही,
नऊच्या नऊ अंक पुरते लिहिले.
कुठून : तो. कुठे : चौकी.
एकोणीस पुसला. उरलेलं जग एंगेज.
(पिझ्झावाल्याचं वाईट वाटलं, थोडंसं.)

प्रत्येक नियमाला शेरा लिहायची जागा असते,
चौसष्ट अक्षरांची. यंत्र ती वाचत नाही,
पुढचा माणूस वाचतो.
तिथे लिहिलं : जुनी हवामान सेवा, हात लावू नये.
सेवा कसली,
एक माणूस उठतो आणि दार उघडतो.

नियम लिहिला की तपासावा लागतो.
घरी कळवलं, उशीर होईल,
आणि एलेउतेरियोसमोर स्टुलावर बसून राहिले.
माते कडू झाला, पुन्हा भरला, पुन्हा कडू झाला.
छपराचा एक पत्रा रात्रभर
काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होता.

चार दहा. चार अकरा.
मी मनातल्या मनात अंक पुन्हा मोजले,
शेवटचा सात होता की एक?

चार बाराला रिंग झाली.
एलेउतेरियोने फोन उचलला,
काही न बोलता कानाशी धरला,
आणि मला हनुवटीने खूण केली :
दार तू उघड.