शेरा

बसूनं जहाजावरून तीन बाटल्या आणल्या,
चौथी आपलीच, कारखान्याची.
मी गच्चीवर सतरंजी टाकली,
निवृत्तीच्या दिवशी पर्समधून आणलेले
लॅबचे चार बीकर मांडले
आणि जिन्याचं दार आतून लावलं.
औरादला भिंतींना कान नसतात, नाक असतं.

मकबूलभाई चपला काढून कठड्याला टेकले.
एकतीस वर्षं त्यांनी आंबवणीच्या टाक्या राखल्या,
मी त्या टाक्यांचा ब्रिक्स मोजला, आम्लता मोजली,
रकाने भरले.
जिभेला थेंब नाही. त्यांच्या नाही, माझ्या नाही.
गळ्यातलं लिंग मी पदराआड सारलं.
ते म्हणाले, "मी नुसता वास घेणार हां म्याडम,
वासाचा हिशोब वर कुणी ठेवत नसतंय."

पहिली क्यूबाची. पाण्यासारखी.
कोळशातून गाळून रंग काढलेली.
जीभ चरचरली आणि संपलं.
परटाकडून आलेला सदरा:
इस्त्री कडक, आत माणूस नाही.

दुसरीला मकबूलभाईंनी नाक लावलं, मागं सरले.
"ही मळीची नव्हंच. रसाची हाय.
वाढं कापल्यावर इळ्याला येतो बघा, त्यो वास."
बसूनं बाटली फिरवून वाचलं. बरोबर.
मार्टिनिक नावाच्या बेटावर
ऊस पिळतात आणि साखर न काढताच आंबवतात.
साखर न काढता!
माझा उभ्या जन्माचा पगार ज्यातून निघाला
तो त्यांनी सरळ पिऊन टाकला होता.
मी घोट घेतला. कच्ची काकडी, ओलं चिपाड,
मागून मिरी, उशिरानं.
गुऱ्हाळावर जाळ लागायच्या आधीची सकाळ.

तिसरी जमैकाची.
बूच निघालं तशी गच्ची भरली
अतिपिकल्या केळ्यांनी, फणसानं, नेलपॉलिशनं,
आणि तळाशी कायतरी नासलेलं, लाडानं नासवलेलं.
शेजारच्या गच्चीवरून गंगुताई ओरडल्या,
"केळी पिकाय घातलीस का गं?"
व्हय म्हणलं.
मकबूलभाई हसाय लागले, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.
"म्याडम, सात नंबर!"

सात नंबरची टाकी.
त्या उन्हाळ्यात मांजरा आटली, कूलिंगला पाणी नव्हतं,
टाकी तापली, भलतेच जिवाणू माजले,
आठ दिवस सगळ्या कॉलनीला हाच वास.
मीच लिहिलं होतं, लाल शाईनं:
सदोष. टाकून द्यावी.
मकबूलभाईंच्या दोन वेतनवाढी अडकल्या.

बसू सांगत होता, तिकडं मुद्दाम करतात, आत्या,
स्पेंटवॉश खड्ड्यात कुजवतात, परत घालतात,
जेवढा वास जास्त तेवढा भाव.
मकबूलभाई हसायचे थांबले.
बीकर हातात धरून बसले,
बराच वेळ.
"म्हणजे," ते म्हणाले, "चांगली होती म्हणायची."

मी पाण्याचे दोन थेंब टाकले त्यात,
मॅन्युअलमध्ये असतंय तसं, वास मोकळा व्हायला.
झालाही.

चौथी आपली.
व्हॅनिला, काकवी, जळक्या साखरेचा रंग;
तो रंग लिटरला किती घालायचा ते मला झोपेत पाठ.
एकतीस वर्षांच्या शेजारणीकडं
पहिल्यांदा जेवायला बसावं तशी प्यायले.
गोड होती. कुठं चुकत नव्हती.
दुसरा घोट मागावासा वाटला नाही,
मग वाईट वाटून घेतला.

खाली कारखान्याचा भोंगा झाला, दहाची पाळी.
आम्ही दोघंही उगाच घड्याळाकडं बघितलं.

बसूच्या वहीत मी रकाने आखले,
सवय. रंग, वास, चव, शेरा.
पहिलीपुढं लिहिलं: स्वच्छ.
दुसरीपुढं: पुन्हा बघावी, हंगामात.
चौथीपुढं: प्रमाणानुसार.
तिसरीपुढं हात थांबला.
वही मकबूलभाईंकडं सरकवली, पेनसुद्धा,
निळं.

"शेरा तुमीच लिहा म्याडम," ते म्हणाले,
"मी खाली सही करतो.
तवाबी मीच केलती."