गप्प बसायची अट

बाहेरून बघाल तर पान धडधाकट.
दिवाळे गावच्या मच्छीमार संस्थेचं पान:
वर होड्यांचा फोटो, खाली कार्यकारिणी,
उजवीकडे भरती-ओहोटीचं घड्याळ,
जे आमचं नाही. कुठल्याशा परक्या सर्व्हरवरून
एक स्क्रिप्ट येते, चपला दारात काढते,
काटे फिरवते आणि जाते.

पण ‘संपादन’वर क्लिक करा,
की दातखीळ.
अक्षरं राखाडी, ‘जतन करा’चं बटण मुकं,
आणि कन्सोलमध्ये लाल ओळी,
गुळाला मुंग्या लागाव्यात तशा.

अकरा दिवस दमयंती वैती फोन करत होत्या.
महाप्याच्या आमच्या ऑफिसात प्रत्येकानं
त्यांना एकच सांगितलं: कॅश साफ करा, मॅडम.
त्यांनी केली. दोनदा तर कम्प्युटरही पुसला,
ओल्या फडक्यानं.

तिकीट माझ्याकडे आलं शुक्रवारी, साडेसहाला.
खाली शिळफाट्याच्या दिशेनं ट्रकांची रांग,
आणि एमआयडीसीचा तो वास,
जो नव्या माणसालाच येतो.
मी लाल ओळींतली सगळ्यात वरची धरली.
खालच्या सगळ्या तिचीच पोरं असतात,
हे कळायला मला चार वर्षं लागली होती.
ती म्हणत होती:
जे नाहीच, त्याची रुंदी वाचता येत नाही.

संपादन उघडलं की आमची प्रणाली
प्रत्येक तुकड्याभोवती स्वतःची चौकट घालते,
खण हलवते, नावं बदलते.
घड्याळाला त्याची खुंटी सापडत नाही.
ते ओरडतं,
आणि त्याच्या ओरडण्यानं मागची रांगच्या रांग
जागच्या जागी थांबते. बटणसुद्धा.
चूक तशी कुणाचीच नाही.
घड्याळाला कुणी सांगितलंच नव्हतं
की घरात कधीकधी काम निघतं.

उपाय एका ओळीचा. एक अट:
पान दुरुस्तीला काढलं असेल, तर येऊ नकोस.
रिकाम्या जागी मी करडी चौकट ठेवली,
आत लिहिलं: घड्याळ इथेच आहे. आत्ता थांबलंय.

‘घड्याल बंद परला काय गो?’
नाही, म्हटलं, लोकांना दिसतंय.
फक्त तुम्ही बदल करताय, तेवढ्यापुरतं...
‘हां. जालं तुनताना होरी कोन सोरतंय?’

समजावून सांगायला मी चार परिच्छेद लिहून ठेवले होते.
ते पुसले.

मग त्यांची स्क्रीन माझ्या स्क्रीनवर.
कर्सर यादीत उतरला.
अध्यक्ष : पोशा हिराजी वैती.
‘पो’च्या आधी जाऊन उभा राहिला, लुकलुकत.
मला वाटलं, पुन्हा अडकलं.
कन्सोल उघडून पाहिला.
एकही लाल ओळ नव्हती.
नुसता लुकलुकत होता.
पलीकडे कुणीतरी कुकरची शिट्टी मोजत होतं,
तीन, चार.
मग एक क.
मग त्यावर दोन मात्रा.
मग टिंब. मग एक जागा मोकळी,
जशी शाळेत शिकवतात.
‘अध्यक्ष’ला त्यांनी हात लावला नाही.

जतन झालं. हिरवी पट्टी आली आणि गेली.

खाली मोबाईल नंबर होता, त्याच नावापुढे.
तोही बदलायचा ना, मी विचारलं,
कामाच्या सवयीनं.
‘नको. लोका भाव इचाराला फोन करतान.
मी उचलतंय.’

तिकीट बंद करताना कारण भरावं लागतं.
मी लिहिलं: बाहेरची स्क्रिप्ट.
मग पान उघडलं, साधं, पाहुण्यासारखं.
घड्याळ चालू होतं.
ओहोटी, सात बावन्न.